नाकीडोळी नीटस

मराठीत 'नाकीडोळी नीटस' असा एक शब्दप्रयोग आहे. तो कानावर पडला की डोळ्यांपुढे एखादी मुलगी उभी राहते, मुलगा उभा राहत नाही. वास्तविक नाक आणि डोळे दोघांनाही असतात, आणि ते नीटस असणे वा नसणे दोघांच्याही हातात नसते. तरी हा शब्द मुलीच्या वाट्याला आला. मुलाविषयी चांगले सांगायचे झाले तर आपण 'मुलगा कर्ता आहे', 'वळणाचा आहे', 'हाताला यश आहे' असे सांगतो. यात कुणी मुद्दाम काही केले असे मला म्हणायचे नाही. भाषा वहिवाटीने चालते. पण वहिवाट कुणाच्या शेतातून गेली आहे हे पाहायला हवे, म्हणून हा लेख.

माझा विषय एवढाच आहे. बाईच्या, विशेषतः काम करणाऱ्या बाईच्या दिसण्यावर घरात, चारचौघांत आणि कचेरीत जे बोलले जाते त्याला पुरुषापेक्षा निराळे माप आहे का, असेल तर ते कसे चालते, आणि कायदा त्यातले किती पाहतो. विषय हलका आहे असे आमच्या वर्गातल्या काहींचे मत पडले. "शेतीमालाच्या भावावर लिही, ग्रामीण साहित्यावर लिही, हे काय दिसण्याबिसण्यावर?" असे एकाने सुचवले. ज्या गोष्टीवरून नोकरी मिळते किंवा जाते ती हलकी कशी, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

आधी घरातली भाषा पाहू. पहिल्या सत्रात मी ग्रंथालयातून रविवारच्या जुन्या पुरवण्या काढून वधूवरांच्या जाहिराती वाचत होते. 'वधू पाहिजे' या मथळ्याखाली गोरी, सडपातळ, देखणी, अनुरूप, गृहकृत्यदक्ष. 'वर पाहिजे' खाली निर्व्यसनी, स्थायिक, कायम नोकरी, स्वतःचे घर, बागायत शेती. वर्णाचा रकाना दोघांच्याही माहितीपत्रकात असतो हे खरे. पण मुलाच्या पत्रकात 'सावळा' असे सरळ लिहिलेले मी पाहिले आहे, मुलीच्या पत्रकात मात्र 'निमगोरी' लिहितात. या 'निम'ने आजवर किती बापांची अडचण सोडवली असेल कोण जाणे! माझी आई शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते. तिला सहीपुरते लिहिता येते. या जाहिराती मी तिला वाचून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, "पोराचं त्वांड कोन बघतंय? त्याचा सातबारा बघत्यात." समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात इतके नेमके वाक्य मला अजून सापडलेले नाही.

म्हणींचा कौलही असाच आहे. 'काळी बेंद्री एकाची, सुंदर बायको लोकांची' ही म्हण घ्या. बाई सुंदर नसेल तर तिला किंमत नाही आणि असेल तर तिचा भरवसा नाही, असा दुहेरी फास तिच्यात आहे. पुरुषाच्या रूपाची म्हण आहे 'गोरागोमटा, कपाळकरंटा'. तिचा रोख वेगळा आहे. नुसते रूप घेऊन काय करायचे, नशीब आणि कर्तृत्व पाहिजे, असे ती म्हणते. थोडक्यात, पुरुषाच्या जमाखर्चात रूप ही रक्कम धरलेलीच नाही. बाईच्या वहीत मात्र ती पहिल्या ओळीवर असते.

या दोन मापांवर मराठीत फार लवकर बोट ठेवले ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले. सुरतेच्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि त्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला हे उत्तर होते. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. ते पुन्हा लोकांपुढे आले १९७५ साली, स. गं. मालशे यांच्यामुळे. ताराबाईंची पद्धत मला फार उपयोगाची वाटते. ज्या दोषाबद्दल बाईला बोल लावतात तो दोष त्या उचलतात आणि पुरुषाशेजारी नेऊन ठेवतात. बायको मेली की पुरुष दुसरी आणतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच का कोपऱ्यात बसायचे, असे त्या विचारतात. म्हणजे वाक्य तेच ठेवायचे आणि माणसे अदलून बघायची. या लेखात मी तेच करणार आहे.

नवरा मेल्यावर बाईचे दिसणेच बदलून टाकायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. केशवपन गेले, पण कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे चालूच राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे कळवले. हा ठराव वर्तमानपत्रांत सुधारणेचा म्हणून आला, तसा तो आहेच. मला तो दिसण्याच्या प्रश्नाशीही जोडलेला वाटतो. बाईचा चेहरा ही तिच्या कुटुंबाची नोंदवही आहे, ती कुणालाही उघडून वाचता येते, असे आपण मानत आलो आहोत. माझी आत्या विधवा आहे. तालुक्याच्या आठवडी बाजारात ती भाजी घेऊन बसते. टिकली लावली तर शेजारच्या बाया 'ही कुणासाठी नटली' म्हणून एकमेकींकडे बघतात. न लावली तर काही लोक सकाळी भवानीचे गिऱ्हाईक व्हायला तिच्याकडे येत नाहीत. म्हणजे कपाळावरचा एक ठिपका तिच्या गल्ल्यात उतरतो. तिच्या पलीकडे कांदे घेऊन बसणारे काकाही विधुर आहेत. मला ते दोन वर्षांनी कळले, कारण कळावे असे त्यांच्या अंगावर काहीच नाही.

बाजारातून आता पगाराच्या नोकरीकडे येते. विमानात प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या स्त्रीला आपण 'हवाई सुंदरी' म्हणतो. मराठीत एखाद्या कामाच्या नावातच रूपाची अट घातली गेली असेल तर ती इथे. तेच काम करणाऱ्या पुरुषाला 'हवाई सुंदर' म्हणून पाहा, लोक हसतील. त्याच्यासाठी 'पर्सर' हा परका शब्द आपण तसाच ठेवला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. एअर इंडियाच्या त्या काळच्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचे, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यांपैकी जे आधी घडेल त्या वेळी. मुदत पंचेचाळीसपर्यंत वाढवणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होते. त्याच विमानात काम करणारा पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत असे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी यांविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला.

हा निकाल वाचताना मला कधी आनंद झाला, कधी राग आला. गरोदरपणावरून नोकरी काढून घेण्याचा नियम न्यायालयाने रद्द केला, तो क्रूर ठरवला. संचालकांची मर्जीही काढून टाकली. तरुण व आकर्षक स्त्री अवघड प्रसंग अधिक चांगला निभावते, वय वाढले की आकर्षण कमी होते, अशा धर्तीचा युक्तिवाद महामंडळाकडून झाला होता. वय वाढल्याने आकर्षण कमी होते हे न्यायालयाने निव्वळ तर्कावर आधारलेले आणि स्त्रीत्वाचा अपमान करणारे ठरवले. एवढे म्हटल्यावर वाटते की आता सगळेच जाईल. पण चार वर्षे लग्न न करण्याचा नियम न्यायालयाने योग्य मानला, आणि पस्तीस विरुद्ध अठ्ठावन्न हा फरकही पक्षपात नाही असे धरले, कारण दोघांचे संवर्ग वेगळे आहेत. संवर्ग वेगळे कुणी केले? मालकानेच केले. पुढच्या काळात हे नियम टप्प्याटप्प्याने बदलले, पण शब्द राहिला. आजही आमच्या गावात एखाद्या मुलीला 'पुढे काय होणार?' असे विचारले आणि ती उंच-गोरी असली, तर कुणीतरी 'हवाई सुंदरी हो' म्हणतेच.

या शब्दाचा धंदा कसा झाला हेही सांगण्यासारखे आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. त्याच्या एका जाहिरातीत घरात कमावता मुलगा नाही म्हणून बाप खंतावतो, सावळी मुलगी ते मलम लावते, गोरी होते आणि हवाई सुंदरीची नोकरी मिळवते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागे घेतली गेली. २०२० साली मलमाचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. (मधल्या काळात, २००५ साली, पुरुषांसाठीही गोरेपणाचे मलम निघाले. समतेची एवढी एक पायरी आपण चढलो.)

जाहिरातीतली नोकरी दूरची वाटेल, म्हणून जवळचे सांगते. गेल्या उन्हाळ्यात फी भरण्यासाठी काम शोधत असताना तालुक्याच्या एका कापडदुकानात 'काउंटरसाठी मुले-मुली पाहिजेत' असा फलक दिसला. माझा चुलतभाऊ आणि मी दोघेही गेलो. त्याला बेरीज-वजाबाकी, मोटारसायकल चालवता येते का आणि सकाळी किती वाजता येशील, एवढे विचारले. मला बेरीज विचारली नाही. चष्मा सारखा लागतो का, असे विचारले. मग मालकांच्या मुलाने मालकांना हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असे सांगितले की साड्यांच्या काउंटरला जरा उजळ मुलगी बरी पडते, साडी खुलून दिसते. त्यांनी मला वाईट वागणूक दिली असे नाही. चहा दिला. चुलतभाऊ साड्यांच्याच काउंटरला लागला, आणि तो माझ्यापेक्षा काळा आहे. मी ते दोन महिने एका कृषी सेवा केंद्रात बिले लिहिली. खताच्या पोत्यावर कोण खुलून दिसते याची तिथे कुणाला काळजी नव्हती.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणीच्या मोठ्या संस्थेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाच्या बाई काम करीत. १९८२ साली भागीदारीसाठी ८८ जणांची नावे पुढे आली, त्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या. सरकारी खात्याचे सुमारे अडीच कोटी डॉलरचे काम संस्थेला मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तरी त्यांचे नाव लांबणीवर पडले. त्यांच्या भल्याचे बघणाऱ्या एका वरिष्ठाने त्यांना सल्ला दिला, तो असा : चालणे-बोलणे अधिक बायकी ठेवा, पेहराव तसा करा, प्रसाधन करा, केस नीट करून घ्या, दागिने घाला. त्या न्यायालयात गेल्या. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाईने कसे दिसावे-वागावे या ठरीव कल्पनेवरून बढती अडवणे हाही लिंगभेद आहे. पुढल्या वर्षी खालच्या न्यायालयाने त्यांना भागीदार करून घेण्याचा आदेश दिला.

हवाई सुंदरी आणि हॉपकिन्स ही दोन प्रकरणे मी मुद्दाम शेजारी ठेवली. एकीकडे बाई आकर्षक राहिली नाही म्हणून जाते, दुसरीकडे ती पुरेशी नटत नाही म्हणून अडते. आणि नटली तर? तर आपल्याकडच्या कचेरीत 'कामाला येते की लग्नाला' हा शेरा तयारच आहे. साधी राहिली तर 'काकूबाई', नीट राहिली तर 'नखरेल'. पुरुषाला या दोहोंच्या मधला एक मोठा पट्टा मोकळा आहे. त्यात तो काहीही घालून, दाढी वाढवून वा काढून, निवांत वावरू शकतो. ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणीवर सकाळचा कार्यक्रम सादर करणाऱ्या कार्ल स्टेफानोविक यांनी तर हे करूनच दाखवले. त्यांच्या सहकारी लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर प्रेक्षक सतत टीका करीत. तेव्हा या गृहस्थांनी एकच निळा सूट वर्षभर घातला. एकाही प्रेक्षकाने हूं की चूं केले नाही. २०१४ साली त्यांनी स्वतःच ही गोष्ट जाहीर केली. आमच्या महाविद्यालयात हा प्रयोग करण्याची गरज नाही. एक सर आम्ही आल्यापासून त्याच बिस्किटी रंगाच्या शर्टात आहेत आणि ते अतिशय छान शिकवतात. त्यांच्याबद्दल एवढेच सगळे बोलतात, की ते छान शिकवतात.

आता कायदा. राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणानंतर १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. लैंगिक अर्थाचे शेरे मारणे हाही छळच, असे कायदा म्हणतो. पण दिसण्यावरचा शेरा लैंगिक अर्थाचा केव्हा होतो? २०२५ साली तीन महिन्यांच्या आत दोन उच्च न्यायालयांपुढे असे प्रश्न आले. जानेवारीत केरळ उच्च न्यायालयापुढे वीज मंडळातील एका कर्मचारी महिलेचे प्रकरण होते. तिच्या शरीराची ठेवण चांगली आहे अशा अर्थाचा शेरा सहकाऱ्याने मारला होता, इतरही तक्रारी होत्या. नुसते असे म्हणण्यात लैंगिक काय आहे, असा आरोपीचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि खटला रद्द करण्यास नकार दिला. मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पुण्यातील एका बँकेचे प्रकरण आले. २०२२ मधील एका प्रशिक्षण बैठकीत सहकारी महिला आपले लांब केस सारखी सावरत होती. त्यावर एका अधिकाऱ्याने केस आवरायला जेसीबी लागत असेल असा विनोद केला आणि केसांवरच्या एका जुन्या हिंदी गाण्याची ओळ म्हटली. बँकेच्या समितीने त्याला दोषी ठरवले होते. न्यायालयाने सांगितले की हे सारे खरे धरले तरी तो लैंगिक छळ होत नाही.

दोन्ही प्रकरणांतील वस्तुस्थिती वेगळी होती, त्यामुळे हा निकाल बरोबर आणि तो चूक असा न्याय करणे मला जमणार नाही आणि शोभणारही नाही. तरी मुंबईच्या प्रकरणावर मी बराच विचार केला. ताराबाईंच्या रीतीने माणसे अदलून पाहिली. त्याच बैठकीत एखादा अधिकारी सारखा टाय सैल करीत बसला असता तर त्याच्यावर गाणे झाले असते का? एखाद वेळी झालेही असते. पण त्याने दिलेल्या माहितीबद्दल, त्याच्या आकड्यांबद्दलही काही बोलणे झाले असते. जो शेरा छळ नसतो, त्यातही काहीतरी होते आणि ते काय होते याला आपल्याकडे अजून नाव नाही, असे मला वाटते. छेडछाड ही एक गोष्ट आणि मोजमाप ही दुसरी. छेडछाडीत शेरा मारणाऱ्याची नजर वाईट असते आणि कायदा त्या नजरेचा शोध घेतो. मोजमापात नजर वाईट नसते. चहा देणाऱ्या दुकानदाराची नव्हती, हॉपकिन्सबाईंना सल्ला देणाऱ्या वरिष्ठाचीही नव्हती. तिथे एवढेच होते की बाईचे काम बाजूला राहते आणि तिचे दिसणे तराजूत पडते. नजर स्वच्छ आहे एवढ्याने हे वजन कमी होत नाही. उलट कुणाला जाब विचारावा हेच कळत नाही, कारण समोरचा माणूस खरोखरच सज्जन असतो.

वर्गात हे बोलून दाखवले तेव्हा एका मित्राने चांगला प्रश्न विचारला. तो पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पाचला मैदानावर असतो. तो म्हणाला, "आमची नाही का मापं घेत? उंची एकशे पासष्ट, छाती न फुगवता एकोणऐंशी. अर्धा सेंटिमीटर कमी पडला की घरी." हे खरे आहे, आणि एकदा तोही असाच घरी आला आहे. ठेंगू, काडी पैलवान, टकलू हे शब्द मुलांना लागत नाहीत असेही नाही. पण त्याच्या मापात आणि माझ्या मापात एक फरक आहे. त्याचे माप जाहिरातीत आधी छापलेले असते, फीत सगळ्यांना सारखी लावतात आणि चूक झाली तर दाद मागता येते. माझ्या काउंटरच्या फलकावर 'उजळ' हा शब्द नव्हता. तो असता तर मी बसभाडे घालून गेलेच नसते.

बायकाही बायकांना हेच करतात, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो मला मान्य आहे. सुट्टीला घरी गेले की 'किती वाळलीस' किंवा 'अंग धरलंस की गं' यापैकी एक वाक्य उंबऱ्यातच मिळते, आणि ते काकू, मावशी, शेजारच्या आजी यांचे असते. त्यात माया असते. पण माझ्या भावाला त्याच उंबऱ्यात 'पेपर कसे गेले' विचारतात. मायेलासुद्धा दोन मापे लागली आहेत. आणि यश मिळाल्याने यातून सुटका होते म्हणावे तर तेही नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिली आलेल्या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा गुण बाजूला ठेवून लोक तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवर तुटून पडले. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, लाखो मुलांत पहिली!

मग कुणी कुणाला छान दिसतेस म्हणूच नये का? असे कोण म्हणते? मैत्रिणीने नवा ड्रेस घातला तर मी म्हणणारच. ती माझी मैत्रीण आहे, तिची मार्कशीट माझ्या हातात नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी, गुण, बढती किंवा चारचौघांतली इज्जत आहे, त्याने तोंड उघडण्यापूर्वी आपण कामाबद्दल बोलतो आहोत का, एवढे पाहावे.

चारचौघांतल्या इज्जतीवरून आपल्या स्नेहसंमेलनातल्या शेलापागोट्यांकडे येते. फिशपॉण्ड म्हणा हवे तर. ग्रंथालयाबाहेर पेटी ठेवतात, चिठ्ठ्या पडतात, रंगमंचावरून त्या वाचल्या जातात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याने वर जाऊन ती हसत घ्यायची, असा रिवाज. मला हा कार्यक्रम आवडतो. गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात तीन वर्षे मुक्काम ठोकलेल्या एका मुलावर 'हे प्राचार्यांच्या निवृत्तीलाही इथेच असतील' अशी चिठ्ठी आली, तेव्हा सगळ्यांत जास्त तोच हसला. कॅन्टीनची उधारी, बंद पडणारी मोटारसायकल, कबड्डीच्या सामन्यात मारलेली दांडी, मुलांवरच्या चिठ्ठ्या अशा होत्या. मुलींवरच्या चिठ्ठ्या रंग, उंची, वजन आणि दात यांवर होत्या. प्रथम वर्षाच्या एका मुलीला 'वीज गेली तर हसत राहा, म्हणजे आम्हाला दिसशील' अशी चिठ्ठी मिळाली. रिवाजाप्रमाणे तिने ती हसत घेतली. दुसऱ्या दिवशी काव्यवाचनात तिचे नाव पुकारले तेव्हा ती सभागृहात नव्हती. आमच्या एका प्राध्यापिका बाईंना त्याच वर्षी पीएच. डी. मिळाली होती. त्यांच्यावरची चिठ्ठी साड्यांच्या रंगावर होती. त्याच विभागातल्या सरांवरची चिठ्ठी त्यांच्या लांबणाऱ्या तासांवर होती, म्हणजे निदान शिकवण्यावर तरी होती.

यंदा चिठ्ठ्या निवडणाऱ्या समितीवर दोन मुली घ्याव्यात आणि वाचण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठीतले नाव बदलून पाहावे, मुलीच्या जागी मुलाचे आणि मुलाच्या जागी मुलीचे, असा अर्ज आम्ही सात जणांनी सांस्कृतिक विभागाकडे दिला आहे. सातांपैकी तिघे मुलगे आहेत, पोलीस भरतीवाला मित्र त्यांत आहे. "मग मजा काय राहणार?" असे आम्हाला विचारण्यात आले. आम्ही गेल्या वर्षीच्या आठवतील तेवढ्या चिठ्ठ्या कागदावर काढून नावे बदलत बसलो. उधारीची राहिली, मोटारसायकलची राहिली, लांबणाऱ्या तासांची राहिली. साड्यांची चिठ्ठी सरांच्या बिस्किटी शर्टावर बेतून पाहिली तर आणखीच खुलली. विजेची मात्र कुठल्याच मुलाच्या नावावर बसेना. तो कागद अर्जाला जोडला आहे. अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.